वसईची वाडी आणि तिचे वारसदार

ज्युबिलीच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत देवळाच्या पायाभरणीचा, वेदीचा, घंटांचा आणि येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तान्त यावा, हे योग्यच होय. वाचकांस त्याची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. परंतु देवळाच्या भिंती ज्या पैशाने उभ्या राहिल्या तो पैसा कोठून आला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो केळीच्या लोंगरांतून आला, पानांच्या करंड्यांतून आला, चाफ्याच्या व मोगऱ्याच्या टोपल्यांतून आला. आमच्या पूर्वजांनी देवास जे वाहिले ते वाडीत पिकलेलेच वाहिले. म्हणून देवळाचा इतिहास लिहावयाचा तर वाडीचा इतिहास लिहिल्यावाचून तो पुरा होत नाही, असे आमचे मत आहे; आणि त्याच हेतूने प्रस्तुत लेख वाचकांपुढे ठेवीत आहो.

भूमी आणि पाणी

दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, अशा चतुःसीमेत वसईची भूमी वसलेली आहे. पूर्वी सोपाऱ्याची खाडी मधून वाहत असल्यामुळे पश्चिमेकडील पट्टा जवळजवळ बेटासारखाच होता. ज्या सोपाऱ्याच्या बंदरात प्राचीन काळी देशोदेशीची गलबते येत आणि जेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, ते सोपारे या पट्ट्याच्या शेजारचेच. म्हणजे ही भूमी काल-परवाची नव्हे.

या भूमीचे खरे धन तिच्या पोटात आहे. किनाऱ्यालगतची जमीन रेताड असल्यामुळे पावसाळ्याचे पाणी तिच्यात मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर होऊन राहते. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे ते वर तरंगते. दुधावर साय धरावी तसे. या थरातून बेताने पाणी काढले तर तो वर्षभर पुरतो. हाव धरून उपसा केला तर साय संपते आणि खालचे खारे पाणी वर चढते. आमच्या पूर्वजांनी हे शास्त्र कोणत्याही विद्यालयात शिकले नव्हते. परंतु त्यांची सारी शेती याच एका नियमावर उभी होती.

त्यासाठी त्यांनी दोन साधने योजिली. एक बावखल आणि दुसरे रहाट. बावखल म्हणजे वाडीतील मातीचे उथळ तळे. त्यास सिमेंटचा कठडा नसे की तळाशी फरशी नसे. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींस पोशी. कित्येक वाड्यांत ही बावखले दोन-तीन कुटुंबांच्या सामायिक मालकीची असत. त्यांतील गाळ उन्हाळ्यात काढून वाफ्यांस घालीत. म्हणजे एकाच श्रमात तळेही स्वच्छ होई व खतही मिळे. रहाट हा विहिरीवरचा. रेड्यास डोळ्यांवर झापड बांधून तो गोल फिरवीत, आणि गाडग्यांची माळ पाणी वर आणून पाटात ओती. रहाट संथ होता. घटकाभर चालला की रेडा दमे, विहिरीस विसावा मिळे आणि पाणी पुन्हा भरे. आज आपण ज्यास मागासलेपण म्हणतो त्या संथपणातच गोड्या पाण्याचे रक्षण होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

राजवटी आल्या, कुळे राहिली

वाडी कोणी प्रथम लाविली, हे सांगणारा कागद नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर उत्तर कोकणातील वसाहतींचा आणि तेथे आलेल्या कुळांचा वृत्तान्त देते; त्यावरून एवढे निश्चित दिसते की, पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक पिढ्या येथे गावे वसलेली होती आणि जमीन कसली जात होती. आपल्या समाजात ‘पोर्तुगिजांनी आम्हांस वाड्या दिल्या’ असे बोलण्याची कोठे कोठे चाल आहे. ते बरोबर नव्हे. पोर्तुगीज आले तेव्हा येथे कसणारे हात होतेच. त्या हातांस पुढे नवा धर्म व नवी आडनावे मिळाली, जमीन मात्र जुनीच होती.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ सालच्या डिसेंबरात तह करून वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. पुढे दोनशे वर्षे वसई ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ साली जपानातील नागासाकी येथे हौतात्म्य पत्करिले, हे वाचकांस विदितच आहे. जमिनीच्या बाबतीत पोर्तुगिजांची व्यवस्था अशी होती की, गावे सरकारी मालकीची मानून ती पोर्तुगीज सरदारांस बहुधा तीन पिढ्यांच्या बोलीने लावून द्यावयाची आणि त्यांच्याकडून ‘फोरो’ नावाचा ठरावीक वार्षिक धारा घ्यावयाचा. मुंबईतील फोरास रोड या नावात तोच शब्द आजवर टिकून आहे. फोरो देणारा सरदार कोटातील हवेलीत राही; वेळ पडली तर घोडा व शस्त्र घेऊन राज्याच्या रक्षणास उभे राहणे हे त्याचे कर्तव्य असे. चिखलात उभा राहून भात लावणारा, विहिरीवर रहाट हाकणारा आणि पानवेल बांधणारा मात्र निराळा होता. तो आमचा पूर्वज.

या काळात वाडीच्या पिकांत भर पडली. अननस, पपई, पेरू, काजू, मिरची, बटाटा ही सारी अमेरिका खंडातील पिके पोर्तुगिजांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आली. त्यांतील कित्येकांची नावेही आपण पोर्तुगीज भाषेतूनच घेतली आहेत. केळ, नारळ, ऊस आणि पानवेल यांची परंपरा मात्र त्याहून पुष्कळ जुनी. त्याच काळात लोपीस, घोन्साल्विस, परेरा, डिमेलो, तुस्कानो अशी आडनावे घराघरांतून रूढ झाली. आणि आडनाव परके असले तरी घरातील बोली, लुगडे, जेवण आणि शेतीचे शब्द हे सारे आपलेच राहिले.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा कोट जिंकिला. पोर्तुगीज सरदार, त्यांची कुटुंबे आणि परदेशी धर्मगुरू गलबतांत बसून निघून गेले. कोटातील भव्य मंदिरे ओस पडली, त्यांवर वड-पिंपळ वाढले. या प्रसंगी एक साधा प्रश्न विचारून पाहावा: त्या वर्षीच्या पावसाळ्यात वसईची भातशेती कोणी लाविली? ज्यांस जाण्यासाठी दुसरा देश नव्हता त्यांनीच लाविली. तीन पिढ्यांच्या सनदा बाळगणारे गेले आणि कोणतीही सनद नसलेले राहिले. वसईच्या ख्रिस्ती समाजाचा पुढील सारा इतिहास या एका गोष्टीतून निघाला आहे. आमच्या लोकांनी श्रद्धा टिकविली त्यात धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे. परंतु वाडी सोडून जाता येत नव्हते हाही त्यातील एक भाग आहे, हे आम्ही येथे निःसंकोचपणे नमूद करितो. मूळ धरून राहिलेल्या झाडासच फळ येते.

इंग्रजी अमदानी आणि आगगाडी

१८१८ पर्यंत पेशव्यांचे राज्य जाऊन इंग्रजांचा अंमल स्थिर झाला. इंग्रजांनी शेताशेतांची मोजणी करून प्रत्येक तुकड्यास क्रमांक दिला, आकार ठरविला आणि तो कसणाऱ्या रयतेच्या नावे खाती लाविली. पूर्वी ‘चिंचेपासून विहिरीपर्यंतची’ म्हणून ओळखली जाणारी जमीन आता आकड्याने ओळखली जाऊ लागली. ज्यास आज आपण सातबारा म्हणतो त्या गावनमुन्यांचे मूळ या व्यवस्थेत आहे. नमुना सात हा हक्काचा, नमुना बारा हा पिकाचा. दोन्ही मिळून एका कुटुंबाचे एका भूमीशी असलेले नाते कागदावर उतरले.

त्याहून मोठा पालट आगगाडीने केला. १८६४ साली मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेचा मार्ग वसईवरून मुंबईपर्यंत सुरू झाला आणि १८६७ साली विरारहून मुंबईस जाणारी स्थानिक गाडी धावू लागली. तोपर्यंत वसईचा माल मुख्यतः होडीने, वाऱ्या-भरतीच्या लहरीवर, मुंबईस जाई. आता पहाटे तोडलेले फूल दिवस वर येण्यापूर्वी मुंबईच्या बाजारात पोहोचू लागले. ज्या वस्तू दोन दिवसांत कोमेजतात त्यांचाही व्यापार शक्य झाला. फुले, पालेभाज्या, दूध आणि पाने यांस नगद दाम मिळू लागला आणि थोड्या गुंठ्यांवर मोठे कुटुंब पोसणे साधू लागले.

या व्यापाराचा भार कोणी वाहिला? आमच्या मातांनी आणि आज्यांनी. पुरुष वाडीत शिंपणे-खणणे करी. लाल लुगडे नेसलेली बाई मध्यरात्रीनंतर उठून टोपली भरी, डोक्यावर घेऊन स्थानकापर्यंत चाले, गाडीत उभी राही, बाजारात भाव करी आणि दुपारी परत येऊन चूल पेटवी. घरातील हिशेब तिच्या कमरेच्या पिशवीत असे. शाळेची फी, मुलीच्या लग्नाचे दागिने, देवळाच्या छपराची वर्गणी, ही सारी त्या पिशवीतून निघाली. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव क्वचितच आढळे. ज्युबिलीच्या वर्षी आपण अनेकांचे आभार मानितो. त्यांत या स्त्रियांचे नाव प्रथम यावे.

वाडीचे कसब

नव्या पिढीतील पुष्कळ मुलांनी वाडी पाहिली आहे, पण चालविलेली पाहिली नाही. त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो.

वाडीत पिकांची पाळी असे. ऊस, केळ, आले आणि पानवेल ही आलटून-पालटून लावीत, म्हणजे एक पीक जे खाई ते दुसरे भरून काढी. खत म्हणून शेण, गाळ, एरंडीची पेंड आणि कोळीवाड्यातून आणलेले मासळीचे खत घालीत. अशा रीतीने समुद्रकाठचा कोळी आणि वाडीतील शेतकरी एकमेकांच्या उपयोगी पडत. पानवेल ही नाजूक. तिला सावली हवी, ओलावा हवा, परंतु पाणी साचलेले खपत नाही. पांगारा, शेवरी अशा झाडांच्या आधाराने ती चढवीत, केळीच्या सोपटाने बांधीत आणि फार उंच गेली की खाली उतरवून पुन्हा मातीत लावीत. वसईचे पान उत्तर हिंदुस्थानातील दूरदूरच्या शहरांपर्यंत जात असे.

केळींचे तर प्रकारच किती! राजेळी, तांबडी, मुठेळी, वेलची, लोखंडी, सोनकेळ. त्यांतील राजेळीपासून सुकेळी करीत. पिकलेली फळे सोलून ती सुमारे आठवडाभर उन्हात वाळवावयाची, रात्री दव लागू नये म्हणून झाकून ठेवावयाची आणि पूर्ण वाळली म्हणजे केळीच्याच सुक्या पानात बांधावयाची. आगाशीच्या सुकेळीची कीर्ती सरकारी गॅझेटियरमध्येही नमूद झाली आहे. हे काम अंगणात, आजीच्या देखरेखीखाली, नातवंडांच्या हातांनी होई. अर्थात नातवंडांच्या हातांचा सगळाच व्यवहार पानात बांधला जात नसे, हेही खरे!

वाडीतील घर हे वाडीच्या मध्यावर असे. ओटीवर बसले की विहीर, गोठा आणि वाफे एका नजरेत येत. अंगणातील क्रुसाजवळ संध्याकाळी तेवत्या दिव्यापुढे जपमाळ होई. खारपट्टीत भाताचे शेत वेगळे असे; त्यास बांध घालून भरतीचे पाणी अडवावे लागे आणि एकाचा बांध फुटला तर दहांचे भात जाई. म्हणून बांधाचे काम साऱ्या गावाचे. आगेऱ्याच्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या देवळात आणीत त्या या सामायिक श्रमाच्या म्हणून आणीत. तो सण आजही होतो. लोंब्या मात्र कित्येकदा दुसऱ्या गावाहून विकत आणाव्या लागतात.

वाटणी, कायदे आणि शहर

आता ज्या भागाविषयी बोलणे अवघड आहे त्याकडे वळतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारे कूळ हे जमिनीचे मालक गणले गेले. या कायद्याने आपल्या पुष्कळ कुटुंबांस कायमची मालकी मिळाली, तर काहींची खारपट्टीतील भातशेते कुळांकडे गेली. एकाच धर्मग्रामात एक घर या कायद्यास आशीर्वाद देई आणि दुसरे बोल लावी. दोघेही रविवारी एकाच बाकावर बसत, ही आमच्या समाजाची थोरवी होय.

दुसरा प्रश्न वाटणीचा. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या मिळकतीचा तृतीयांश विधवेस आणि उरलेला भाग मुलगे व मुली यांस सारखा मिळतो. कायदा न्याय्य आहे. परंतु हिशेब करून पाहा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. आईच्या पश्चात चार मुलांत वाटले तर दहा-दहा गुंठे. त्यांच्या चार-चार मुलांत वाटले तर अडीच गुंठे. अडीच गुंठ्यांत विहीर, गोठा व बावखल मावत नाही. म्हणून कोठे बहिणींस हक्कसोडपत्रावर सही करावयास लाविले गेले, कोठे भावाभावांत दावे झाले, आणि कोठे सारी वाडी विकून पैसा वाटून घेतला गेला. धर्मगुरूच्या नात्याने अनेक घरांत आम्हांस मध्यस्थीस बोलाविण्यात येते. जेथे बहिणीस विश्वासात घेतले, तेथे तिने बहुधा जमीन मागितली नाही, मान मागितला. जेथे तिला फसविले, तेथे पुढे वाडीही राहिली नाही आणि माहेरही राहिले नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची व शहराची. रेड्याच्या जागी इंजिन आले, इंजिनाच्या जागी विजेचा पंप. रहाट जे दिवसभरात काढी ते पंप थोड्या वेळात काढू लागला. पुढे वाढत्या शहरांस पाणी पुरविण्यासाठी टँकर वाड्यांच्या दारी उभे राहिले आणि पिकापेक्षा पाणी विकणे सोपे झाले. गोड्या पाण्याची साय अशा रीतीने खरवडली गेली आणि कित्येक विहिरी मचूळ झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामास खुला करण्याचा सरकारी बेत पुढे आला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने मोठे जनआंदोलन उभे केले. त्यात ख्रिस्ती होते, हिंदू होते, मुसलमानही होते. कारण विहिरीस धर्म नसतो. १९९० साली या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले आणि २००९ च्या जुलैत वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या खानेसुमारीत या शहराची वस्ती बारा लाखांहून अधिक भरली. आंदोलनाने सारे वाचविले असे नाही. पण जी हिरवळ पश्चिमेकडील गावांत आजही दिसते तिचे पुष्कळसे श्रेय त्या आंदोलनासच दिले पाहिजे. फादर दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये देवाघरी गेले.

पुढे काय?

ज्यांनी वाडी विकली त्यांस दोष देण्यासाठी आम्ही ही लेखणी हाती घेतलेली नाही. कोणास आजारपणाने गाठले, कोणास मुलांचे शिक्षण करावयाचे होते, कोणाची विहीरच खारी झाली. ज्याच्या घरात पानाच्या दोन करंड्या विकून महिना निघत नाही त्यास, ‘पूर्वजांची भूमी राख’ असा कोरडा उपदेश करणे सोपे असते आणि अन्यायाचेही असते.

तथापि काही गोष्टी आजही आपल्या हाती आहेत. ज्या वाडीत बावखल शिल्लक असेल ते भरू नये. त्यात राडारोडा टाकून दोन गुंठे जागा मिळते, परंतु शेजारच्या दहा विहिरींचे पाणी जाते; आणि पावसाळ्यात तेच पाणी घरात शिरते. ज्यांच्या जमिनी लहान झाल्या आहेत त्यांनी भावंडांत वाटणी केली तरी विहीर व बावखल सामायिक ठेवावे, जसे पूर्वज ठेवीत. राजेळी, तांबडी, मुठेळी यांची चार-चार रोपे तरी दारी लावावी, कारण रोप एकदा नाहीसे झाले की कोणतीही पेढी ते व्याजाने परत देत नाही. वडिलधाऱ्यांनी आपल्या हयातीतच मृत्युपत्र करावे आणि ते करिताना मुलींस बोलावून त्यांच्यासमक्ष करावे.

आणखी एक विनंती. प्रत्येक घराने आपल्या वाडीची एक वही करावी. तीत वाडीचे जुने नाव, मोजणीचा क्रमांक, विहीर कोणी व केव्हा खणली, कोणते पीक कोणत्या पिढीत बंद झाले, रहाट केव्हा मोडला, हे सारे लिहून ठेवावे. घरातील वृद्ध माणूस बसून सांगेल, शाळेत जाणारे नातवंड लिहील. देवळातील बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्यांतून पूर्वजांची नावे काढून देण्यास आम्ही केव्हाही तयार आहो. नोंदवहीत माणसाचा जन्म सापडतो. तो ज्या मातीवर जगला ती माती सापडत नाही. ती उणीव घरोघरीच्या वह्यांनीच भरून निघेल.

देवळाच्या ज्युबिल्या पुढेही होतील. त्या वेळी आपली नातवंडे स्मरणिका उघडून विचारतील की, आपण कोण व कोठले? त्यांस दाखविण्यास देऊळ असेल, यात आम्हांस शंका नाही. एखादी वाडीही असावी, तिच्या विहिरीचे पाणी गोडे असावे, आणि ती कोणाच्या श्रमाने राहिली हे सांगणारे कोणी असावे, एवढीच परमेश्वराच्या चरणी आमची प्रार्थना आहे.